आतला उठत नाही

अण्णांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकिशनकाका आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. मांडवाचे बांबू अजून भिंतीला टेकून होते. काका त्यातल्या एका बांबूवर हात ठेवून म्हणाले, "शिवकन्या, एक काम होतं बाई. आज सांगावं का न्हाई, कळंना."

"सांगा ना काका."

"आतला उठंना गं."

काका गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. अण्णा, म्हणजे माझे वडील अर्जुनराव, त्याच संस्थेचे सचिव होते, मी शाळेत जायला लागायच्या आधीपासून. आणि आतला म्हणजे काय हे गावात मीच नीट सांगू शकले असते, कारण तो तिथं मीच ठेवला होता.

संस्थेत दूध आलं की त्याचं वजन होतं, फॅट निघतं, आणि दोन्ही आकडे एका जुन्या प्रोग्राममध्ये जाऊन चिठ्ठी छापून बाहेर येते. तो प्रोग्राम लिहिणारी छोटी कंपनी केव्हाच बंद पडली. नव्या संगणकावर तो चालत नव्हता. विजेच्या झटक्यानं जुना संगणक जळाला तेव्हा मी पुण्याहून एक वापरलेला संगणक आणला, आणि जुन्याच्या डिस्कवर जे होतं ते सगळं जसंच्या तसं त्याच्या आत उतरवलं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खऱ्या संगणकाच्या पोटात एक मानलेला संगणक, आणि आपण मानलेले आहोत हे त्याला माहीत नसतं. अण्णांना मी हे फोनवर दोन-तीनदा समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एक बाहेरचा आन् एक आतला."

तेव्हापासून गावात तेच नाव पडलं. अण्णा खुर्चीत बसले की म्हणायचे, "थांबा, आतल्याला उठवतो." आणि रांगेतून छबुमावशी म्हणायच्या, "उठवा बाबा लवकर, न्हाई तर माझी म्हैस झोपती."

"कधीपासून उठत नाही?" मी काकांना विचारलं.

"आज सकाळी पहिल्यांदाच लावला. सुतकात कोण लावतंय? सटवानं बाहेर ओट्यावर मापानं दूध घेतलं इतके दिवस. सगळ्यांना एकच फॅट धरलं. लोक काही बोलले न्हाईत, अण्णासाठी सोसलं. पण आता सुतक फिटलं. छबूची म्हैस आन् दुसऱ्याची जर्सी एकाच मापात किती दिवस मोजायची? भारतनं समोर खासगी डेअरीचं केंद्र टाकलंय, त्याचं मशीन आकडा बोलून दाखवतं. आज संध्याकाळच्या दुधाला चिठ्ठी न्हाई निघाली तर उद्या लोक रस्ता ओलांडणार. आन् निम्मे जरी गेले तर आपला टेम्पो बंद. टेम्पो बंद म्हणजे संस्था बंद."

काकांनी हे सगळं आवाज न चढवता सांगितलं. त्या वर्षी पाऊस असा झालाच नव्हता. कापूस उगवून जळाला होता, गेवराईकडं गोदावरीत नुसती वाळू होती, आणि वैशाखात गावात पाणी टँकरनं येत होतं. पुष्कळांनी जनावरं विकली होती. ज्यांनी उसाचे वाढे आणि विकतची कडब्याची कुट्टी घालून एखाद-दोन जनावरं दावणीला राखली होती, त्यांच्या घरात दूध हीच एक चालू गोष्ट होती. आणि अण्णांनी आयुष्यभरात केलेली गोष्ट म्हणावी तर ती ही एका खोलीची संस्था होती.

"काका, हे माझंच काम आहे," मी म्हणाले. "पुण्यात मी दिवसभर हेच करते. तासाभरात होईल."

मला खरोखर बरं वाटलं होतं. अण्णा गेल्यापासून मला कुणी काही करायला सांगितलं नव्हतं. सगळं चुलतभावानं केलं, भावकीनं केलं. मी भिंतीला टेकून बसायची आणि आलेल्या बाया माझ्या गळ्यात पडून रडायच्या. आता निदान मला येणारी एक गोष्ट समोर होती.

संस्थेकडं निघाले तेव्हा समोरून सटवा येत होता, भारतच्या केंद्रातून, हातात पाण्याची बादली. सटवा मापावरचा माणूस. वाडीवरच्या मेंढपाळांच्या घरातला. त्या वर्षी त्याचा भाऊ मेंढरं घेऊन लांब गेला होता, सटवा दोन गाई आणि संस्था सांभाळून मागं राहिला होता. सकाळ-संध्याकाळ अण्णा खुर्चीत आणि सटवा काट्याजवळ, हे चित्र मी लहानपणापासून पाहिलेलं. त्याच्या डोक्यावर नुकतेच खुंट उगवले होते. दहाव्याला भावकीच्या माणसांबरोबर तोही न्हाव्यापुढं जाऊन बसला होता. भावकीतल्या एकानं विचारलं, "तू कावून रं?" त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ताई, बसा. च्या सांगतो," तो म्हणाला.

"नको सटवाभाऊ, आधी हे बघू दे."

खोलीत दुधाचा आंबूस वास होता. अण्णांचा फोटो संस्थेच्या पहिल्या चेअरमनच्या फोटोशेजारी लावला होता, हार अजून ओला होता. बाहेरचा संगणक काकांनी सकाळीच लावून ठेवला होता आणि तो व्यवस्थित चालू होता. मी आतल्याच्या चित्रावर टिचकी मारली. एक चौकट उघडली, रेघ अर्ध्यापर्यंत गेली आणि इंग्रजीत निरोप आला की मशीन सुरू करता येत नाही, प्रोसेसरची जी सोय लागते ती मिळत नाही.

हा निरोप मला नवा नव्हता. बाहेरच्याच्या एखाद्या अपडेटनं ती सोय स्वतःकडं ओढून घेतली असेल असं मला वाटलं. तसं कधीकधी होतं. मी ती सगळी बटणं बंद केली, संगणक पुन्हा लावला. तोच निरोप. डिस्कवर जागा आहे का पाहिलं, होती. आतल्याची फाइल तुटली आहे का पाहिलं, नव्हती. तिची एक प्रत काढून नव्या नावानं मशीन उभं केलं. प्रत निघायला वेळ लागला, तोवर सटवानं सांगितलेला चहा येऊन गार झाला. नवंही उठेना.

दुपार टळली तशी माणसं जमायला लागली. दूध आणायला अजून अवकाश होता, पण बातमी ऐकायला लोक रिकाम्या हातानंही येतात. खिडकीच्या गजांना धरून छबुमावशी उभ्या राहिल्या. विधवा बाई, एका म्हशीवर घर चालवणारी, जीभ चाकूसारखी.

"काय म्हणतोय गं?"

"बघतेय मावशी."

"बघून बघून सकाळची संध्याकाळ झाली. सचिवाबरोबर त्यानंबी प्राण सोडला का काय?"

मागून कुणीतरी हसलं. एक गडी म्हणाला, "मॅडम पुण्याला हजार हजार मशीन सांभाळत्यात म्हनं."

"ती पुण्याची असतील बे. गेवराईच्या मशीनला पाण्याचा टँकर लागतो," दुसरा म्हणाला.

मीही हसायला हवं होतं. अण्णा हसले असते, आणि वर एक स्वतःचं घातलं असतं. मी मान वर केली नाही. कान तापले होते. खोलीवर पत्रा होता आणि पंख्याची हवा चुलीपुढच्या हवेसारखी लागत होती. तासाभरात होईल असं मी म्हटलं होतं हे काकांनी बहुतेक सगळ्यांना सांगितलं होतं.

तेव्हा माझं लक्ष पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गेलं. तिथं घड्याळ असतं. वेळ भलतीच होती आणि तारीख कित्येक वर्षांपूर्वीची, जानेवारीची पहिली.

माझं काम अशा यंत्रांवर चालतं जी मी कधी पाहिलेली नाहीत. ती कुठल्या देशात उभी आहेत हेही मला नेमकं सांगता येणार नाही. त्यांची वीज जात नाही, त्यांचं घड्याळ चुकत नाही. तिथं तारीख बदललेली दिसली तर ती कुणीतरी बदललेली असते, आणि का बदलली हे आम्ही शोधून काढतो. मीही तेच केलं. तारीख मागं नेली म्हणजे कुणाला तरी मागच्या तारखेच्या चिठ्ठ्या काढायच्या होत्या. ते करता करता त्यानं आतला बिघडवून ठेवला. संस्थेला चिठ्ठी काढता आली नाही तर फायदा समोरच्याचा. आणि खोलीची किल्ली सटवाकडं असते. आणि सकाळी सटवा समोरून येत होता.

हे सगळं एका दमात जुळलं. जुळल्याबरोबर मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला समाधान वाटलं. दिवसभर दोष माझ्याकडं होता, आता तो दुसऱ्याकडं गेला.

"काका," मी म्हणाले. खिडकीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "हे आपोआप झालेलं नाही. याची तारीख कुणीतरी मागं नेलीय. हात लावलाय कुणीतरी. किल्ली कुणाकडं असते?"

सगळ्यांनी सटवाकडं पाहिलं. तो कोपऱ्यात उकिडवा बसून राखेनं कॅन घासत होता.

"सटवाभाऊ, सकाळी भारतकडं कशाला गेला होतात तुम्ही? त्यानं काय कबूल केलंय तुम्हाला?"

खिडकीत छबुमावशींनी पदर तोंडावर धरला. मागचा गडी म्हणाला, "अय सटवा, बोल की बे काहीतरी."

सटवा उठला. राखेचा हात त्यानं धोतराला पुसला नाही, तसाच अंगापासून लांब धरला.

"पाणी आणाया गेलतो ताई. आपला टँकर आला न्हाई आज. कॅन कशानं धुवायचे? त्याच्याकडं बोअरला थोडं लागतंय." मग तो थोडा थांबला. "आन् तारीख म्हणता, तर मला वाचायाच येत न्हाई. मी कोणती तारीख बदलू?"

मी काही बोलणार होते, पण त्याचं संपलं नव्हतं.

"बटन मात्र म्याच बंद केलं. अण्णा गेले त्या दिशी. भिंतीवरचा मेन खाली वढला, इन्वर्टरची वायरबी काढली. मालकाघरी चूल पेटली न्हाई, मग हितं मशीनचा हिरवा दिवा कसा जळत ठिवायचा? अण्णा घरी कमी आन् हितं जास्त बसले. सुतक हितंबी होतं. तेरावं झालं तसं काकांनी लावलं. ही माझी चूक असंल तर असंल."

त्यानं कमरेची किल्ली काढून काट्यावर ठेवली. काट्याच्या पडद्यावर तिचं वजन उमटलं. मग आपली रिकामी बरणी घेतली, दाराबाहेर पायताणं घातली आणि वाडीच्या वाटेला लागला. त्याला कुणी हाक मारली नाही. मीही मारली नाही.

आमच्या घरी चूल बंद होती हे खरं. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देत होते. पण तिसऱ्याच दिवशी माझं डोकं दुखलं म्हणून मी आतल्या खोलीत दार लोटून विजेच्या किटलीत चहा केला होता. आईला वास आला असणार.

"काका," मी विचारलं, "सकाळी तुम्ही लावला तेव्हा आधी काय आलं होतं?"

काका अवघडले. "काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. इंग्रजी. खाली एफ आणि एक असं होतं, ते दाबा म्हणून. दाबलं. माझ्याच हातानं काही बिघडलं असंल म्हणून बोललो न्हाई बाई."

एवढं पुरेसं होतं. शाळेतल्या संगणक शिकवणाऱ्या बाईंनाही पुरेसं झालं असतं. संगणकाच्या मदरबोर्डवर घड्याळातल्या सेलसारखा एक सेल असतो. वीज नसताना तारीख आणि आपण केलेली मूळची सेटिंग्ज तो लक्षात ठेवतो. या संगणकाचा सेल केव्हाच मेला असणार, पण ते कधी कळलं नाही, कारण अण्णांनी भिंतीवरचं बटण कधी बंदच केलं नाही आणि लाइट गेली तरी इन्वर्टर होता. सटवानं सुतक पाळलं, वीज पूर्ण तुटली, आणि बाहेरचा सगळं विसरला. तारीख विसरला, आणि आपल्या आत दुसऱ्याला जागा द्यायची आहे हेही विसरला. ती परवानगी पाच वर्षांपूर्वी मीच चालू केली होती. कारखान्यातून येताना ती बंद असते.

मी संगणक पुन्हा लावला, अगदी सुरुवातीलाच कळ दाबून धरली. निळ्या पडद्यावरच्या यादीत ती ओळ सापडली. बंद होती ती चालू केली, तारीख दुरुस्त केली, जतन केलं. तीन-चार मिनिटांचं काम. मग आतल्याच्या चित्रावर टिचकी मारली. रेघ अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली नाही.

आतला उठला. अण्णा त्याला कधी पूर्ण बंद करत नसत, आहे तसा झोपवून ठेवत. मीच तसं शिकवलं होतं. त्यामुळं तो होता तिथूनच जागा झाला. समोर कोरी चिठ्ठी उघडी, सभासद क्रमांकाच्या घरात रेघ लुकलुकत होती, आणि आतल्या घड्याळात अजून अण्णा शेवटचे बसले त्या दिवसाची संध्याकाळ होती. त्या वेळी अण्णा या खुर्चीत होते, बहुधा दिवा मालवायला उठत होते. मी ते पाहतच होते तेवढ्यात घड्याळानं उडी मारली आणि ते आजच्यावर आलं.

"उठला!" काका ओरडले. खिडकीत टाळ्या वाजल्या. "अर्जुनरावाची लेक शोभतीस बरं," एक जण म्हणाला. कुणी म्हणालं, पुण्याचं पाणी वाया गेलं न्हाई. मला त्यांच्याकडं बघवेना. ज्याला मी चोर म्हटलं होतं त्यानं खरं सांगितलं म्हणून मला उत्तर सापडलं होतं, आणि टाळ्या माझ्यासाठी वाजत होत्या.

छबुमावशींनी टाळी वाजवली नव्हती. "मशीन उठलं गं," त्या म्हणाल्या. "आता मापावर कोण बसतंय?"

"सटवाला निरोप धाडतो," काका म्हणाले.

"निरोपानं येईल व्हय तो? ह्या पोरीनं चार माणसांत नाव घेतलं त्याचं. आज त्याचं घेतलं, उद्या माझं घेईल. भारतकडं निदान कुणी आपल्याला चोर तर म्हणत न्हाई." मग काकांकडं बघून त्या म्हणाल्या, "आन् सटवा न्हाई आला तर वाडीवरचं एकबी दूध हिकडं येत न्हाई, ध्यानात ठेवा. ते त्याच्या मागं चालत्यात."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. वाडीचं दूध म्हणजे संस्थेचं निम्मं दूध. मशीन चालू होतं आणि संस्था सकाळपेक्षा जास्त अडचणीत होती. ती अडचण मी एका वाक्यात आणली होती.

"मी जाते," मी म्हणाले.

वाडी गावाच्या टोकाला, खडकाळ माळावर. सटवाच्या झोपडीपुढं त्याची बायको बायडाबाई वाढ्याची पानं विळ्यानं तोडत बसली होती. मला बघून तिनं विळा बाजूला ठेवला, बसायला पोतं झटकून टाकलं, आणि आत जाऊन पितळी तांब्या काठोकाठ भरून आणला. टँकर न आलेल्या दिवशी. नको म्हणण्याची सोय नव्हती. मी पाणी प्यायले.

"मशीन झालं का तुमचं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग झालं की."

"सटवाभाऊ आहेत?"

"धार काढत्यात. परकं माणूस गेलं की गाय बुजती."

झोपडीच्या मागून चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता. आधी टणक, मग चरवी भरत गेली तसा मऊ. त्या वर्षी गाय एवढा वेळ दूध देत नसणार हे मलाही कळत होतं. आवाज थांबला तरी तो बाहेर आला नाही. मी पोत्यावर बसून राहिले. काय म्हणायचं ते वाटेत ठरवलं होतं, पुस्तकात वाचल्यासारखं नीटनेटकं वाक्य होतं, आणि ते गवताच्या भिंतीला ऐकवण्यासारखं नव्हतं. त्याला इथं येऊन एकट्यात सांगणं हेही मला हळूहळू चुकीचं वाटायला लागलं. बोल लावताना मी आवाज खिडकीपर्यंत नेला होता.

फोन वाजला. काका म्हणत होते, माणसं दूध घेऊन आलीत, कुणीतरी बसायला पाहिजे.

"येते," मी बायडाबाईला म्हणाले.

"या," ती म्हणाली, आणि तिनं विळा परत घेतला.

संध्याकाळी आतल्यापुढं काका बसले आणि काट्यावर मी. मला ते काम येत नव्हतं. पहिल्याच बरणीत धक्का लागून ओंजळभर दूध सांडलं आणि सगळी रांग त्या डागाकडं पाहत राहिली. छबुमावशींचं दूध घेतलं, चिठ्ठी आली, फॅट बघून त्या हुंकारल्या. गावातली बरीच माणसं आली. काही आली नाहीत. समोर भारतच्या केंद्रातून मशीनचा बाईसारखा आवाज आकडे सांगत होता आणि दर वेळी काका मान उचलून बघायचे. वाडीवरचं कुणी आलं नव्हतं.

रांग संपत आली तेव्हा रस्त्याच्या वळणावर माणसं दिसली. पुढं सटवा, मागं वाडीची पाच-सहा माणसं आणि दोन बाया, प्रत्येकाच्या हातात बरणी. रस्त्याच्या मधोमध ती सगळी क्षणभर थांबली. एका बाजूला भारत दारात येऊन उभा राहिला होता. काका खुर्चीतून अर्धे उठले. मग सटवा आमच्या बाजूला वळला आणि रांगेत शेवटी उभा राहिला, इतर सभासदांसारखा.

त्याचा नंबर आला. त्यानं बरणी काट्यावर ठेवली. मी उठून उभी राहिले.

"सटवाभाऊ." मग खिडकीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "तारीख कुणीच बदलली नव्हती. त्यातला सेल संपला होता. मला ते कळायला पाहिजे होतं, माझं कामच ते आहे. कळलं नाही म्हणून मी तुमच्यावर घातलं. मी चुकले. हे सगळ्यांसमोर सांगतेय."

कुणीतरी खोकलं. भारतच्या मशीननं कुणाचा तरी आकडा सांगितला. सटवा काट्याकडं बघत होता, माझ्याकडं नाही.

"मागं मान्सं खोळंबलीत," तो म्हणाला.

"उद्यापासून मापावर या. किल्ली इथंच आहे."

"न्हाई." त्यानं मान हलवली. राग नव्हता त्यात, आणि राग असता तर मला सोपं गेलं असतं. "संस्था अण्णाची हाय, म्हणून दूध आणलं. वाडीचंबी आणीन. मापावर न्हाई बसायचो."

काकांनी फॅट घेतलं, कळ दाबली. चिठ्ठी करकरत बाहेर आली. मी ती फाडली. सटवाची चिठ्ठी रोज अण्णा त्याला वाचून दाखवत, वजन, फॅट, सगळं, जणू तो पहिल्यांदाच दूध घालतोय. मी वाचायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं हात पुढं करून ती माझ्याकडून घेतली, आणि वळून ओट्यावर बसलेल्या छबुमावशींपुढं धरली.

"बघा जरा, मावशी."

छबुमावशींनी चिठ्ठी लांब धरली, डोळे बारीक केले आणि सगळं मोठ्यानं वाचलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईसारखं, एकेक आकडा सुटा करून.

"बरोबर हाय," सटवा म्हणाला. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, रिकामी बरणी उचलली, आणि ओट्याच्या कडेला जाऊन आपल्या माणसांची वाट बघत उभा राहिला, पाठ माझ्याकडं करून.

त्याच्या मागच्या बाईनं बरणी काट्यावर ठेवली. मी खाली बसले.

"नंबर सांगा," मी म्हणाले.